गाडी खळ्यात, मालक झोपेत : चारचाकीला अलार्म बसवताना काय बघावं आणि रोज कसा वापरावा?

इन्सुली (ता. सावंतवाडी) : रात्रीचे दोन वाजलेत. वाडीत कुणाच्या तरी खळ्यातली गाडी कोकलायला लागते. पहिल्या रात्री शेजारच्या दोन-तीन घरांत लाईट लागतात, माणसं बॅटरी घेऊन बाहेर येतात. बघतात तर बोनेटवर माडाची झावळी पडलेली. दुसऱ्या रात्री मांजर टपावर चढलेलं. तिसऱ्या रात्री कुणी उठतच नाही. "तेची गाडी रोजच बोंबलता" म्हणत लोक कूस बदलून झोपतात. चौथ्या रात्री खरोखर चोर आला, तर त्या गाडीचं 'लांडगा आला रे आला' झालेलं असतं.

अलार्म बसवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गत अशीच होते. पैसे खर्च होतात, सायरन बसतो, चार दिवसांत कटकट होते आणि शेवटी वायर काढून ठेवली जाते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. ते चुकीच्या जागी बसलेलं असतं किंवा त्याची सेटिंग कुणी केलेलीच नसते. अलार्म चोराचा हात धरत नाही. तो फक्त माणसाला हाक मारतो. ती हाक खरी असेल तरच कुणी धावून येणार. त्यामुळे अलार्म किती मोठ्याने वाजतो यापेक्षा तो विनाकारण वाजत नाही ना, हे आधी बघायला हवं.

इन्सुलीकरांनी जास्त सावध का राहावं?

इन्सुली गाव सावंतवाडी आणि बांद्याच्या मध्ये. एकीकडे घाटातला जुना रस्ता, दुसरीकडे झाराप-पत्रादेवी चौपदरी महामार्ग. रात्रभर गाड्यांची ये-जा असल्यामुळे अनोळखी गाडी दिसली तरी कुणाला वेगळं वाटत नाही. गोव्याची हद्द जवळ. रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने गाडी दुसऱ्या राज्यात जायला फार वेळ लागत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका गावात आहे खरा, पण त्याचं मुख्य काम दारूच्या वाहतुकीवर नजर ठेवणं. 'नाको आसा, गाडी खंय जातली?' या भरवशावर राहू नये. मालक सकाळी सहाला उठून बघेपर्यंत गाडी चोरल्याची तक्रारच झालेली नसते. मग नाक्यावरच्या माणसाने ती ओळखायची कशी?

अलार्म करतो काय?

साध्या अलार्मचे चार-पाच भाग असतात. डॅशबोर्डखाली लपवलेला कंट्रोल बॉक्स, बोनेटखाली सायरन, गाडीला धक्का बसला की कळणारा शॉक सेन्सर, दारं आणि बोनेट उघडल्याचं सांगणारे स्विच आणि हातातला रिमोट. रिमोटने लॉक केलं की इंडिकेटर लुकलुकतात आणि यंत्रणा जागी होते. त्यानंतर दार उघडलं किंवा जोरात धक्का बसला की सायरन वाजतो.

इमोबिलायझर ही वेगळी गोष्ट आहे. चावीच्या डोक्यात बारीक चिप असते. ती चिप गाडीने ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. आवाज वगैरे काही नाही. अलीकडच्या बहुतेक गाड्यांना हा कंपनीकडूनच येतो. अलार्म माणसाला उठवतो, इमोबिलायझर इंजिन रोखतो. एकाचं काम दुसरा करत नाही.

याचा धडा अमेरिकेत मिळाला. तिथे विकलेल्या ह्युंदाई आणि किया कंपन्यांच्या काही वर्षांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ मध्ये त्या गाड्या पळवण्याची युक्ती व्हिडिओंतून पसरली आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. त्यात अलार्मचा आवाज ३० सेकंदांवरून एक मिनिटापर्यंत वाढवला, पण सोबत चावी घातल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही अशीही सोय केली. फक्त आवाज वाढवून भागणारं नव्हतं, हे त्यांनाही कळलं होतं.

म्हणून बाजारात जाण्याआधी आपल्या गाडीत इमोबिलायझर आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा शोरूममध्ये विचारून घ्यावं. जुन्या गाडीत नसेल तर आधी गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक घ्यावा, मग अलार्म. लोखंडी लॉक कापायला वेळ लागतो आणि अलार्म त्या वेळात शेजाऱ्यांना उठवतो. दोघांची जोडी चांगली जमते.

घेताना काय विचारावं?

पहिला प्रश्न : 'रिमोट रोलिंग कोडचा आहे का?' साध्या रिमोटमधून दर वेळी तोच संकेत जातो. तो कुणी यंत्राने पकडून ठेवला तर पुन्हा वापरू शकतो. रोलिंग कोडमध्ये दर वेळी संकेत बदलतो.

दुसरा : 'माझ्या गाडीचं कपलर मिळेल का?' म्हणजे वायर न कापता, कंपनीच्याच जोडणीत बसणारा प्लग. नवी गाडी वॉरंटीत असताना वायर कापली, तर पुढे विजेच्या कामात बिघाड झाल्यावर सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. कपलर नसेल आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर कंपनीच्या ॲक्सेसरीमधलाच अलार्म घेतलेला बरा.

तिसरा : 'पुण्याच्या एआरएआयची मंजुरी आहे का?' एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था. तिने मंजूर केलेलं चोरीरोधक उपकरण बसवून ऑटोमोबाईल असोसिएशनचा दाखला दिला, तर विम्यातल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के सूट मिळण्याची तरतूद आहे. पण ती जास्तीत जास्त ५०० रुपये. तेवढ्यासाठी अलार्म घेण्यात अर्थ नाही, पण मंजुरीमुळे वस्तूचा दर्जा कळतो.

पक्कं बिल मागावं. ते विम्याच्या फायलीत ठेवावं.

बसवताना मेकॅनिकजवळ उभं राहावं

गाडी देऊन बाजारात फिरायला जाऊ नये. हे काम तासा-दोन तासांचं असतं आणि पुढची डोकेदुखी इथेच टळते. बघायच्या गोष्टी अशा :

१. फ्यूज : बॅटरीकडून येणाऱ्या वायरला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या जवळ. फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासून उघडी पडली, तर आग लागू शकते.

२. सायरनची जागा : सायरनचं तोंड खाली किंवा तिरकं असावं. वर तोंड केलेला सायरन आपल्याकडच्या पावसात पहिल्याच आषाढात पाणी पितो. एक्झॉस्टच्या गरम भागापासून लांब हवा आणि गाडीखालून हात घालून तोडता येणार नाही असा.

३. अर्थिंग : अर्थची वायर रंगावरच स्क्रूने दाबून बसवली तर चालत नाही. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट हवा, वर थोडं ग्रीस. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तर हे हवंच. गंज चढला की अलार्म कधी वाजतो, कधी नाही.

४. जोड : वायर पिळून वर साधी टेप गुंडाळणं म्हणजे तात्पुरतं काम. जोड झाळलेला किंवा नीट क्रिम्प केलेला असावा.

५. उंदीर : पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली उबेला येतात आणि वायर कुरतडतात. बोनेटखालच्या सगळ्या वायरी जाड लवचिक पाइपातून न्यायला सांगाव्यात.

६. बोनेटचा स्विच : खर्च वाचवायला हा पुष्कळदा गाळला जातो. तो नसेल तर चोर बोनेट उघडून बॅटरीची वायर काढतो आणि सायरन गप्प. शक्य असेल तर स्वतःची छोटी बॅटरी असलेला सायरन घ्यावा. गाडीची वीज तोडली तरी तो वाजत राहतो.

७. कंट्रोल बॉक्स : डॅशबोर्डखाली हात घातल्याबरोबर लागेल असा लटकता नको.

काम झालं की पैसे देण्याआधी परीक्षा घ्यावी. ड्रायव्हरकडची काच खाली ठेवून रिमोटने लॉक करावं. एक मिनिट थांबावं. मग खिडकीतून हात घालून आतल्या हँडलने दार उघडावं. सायरन वाजला पाहिजे. हेच चारही दारांना करावं. डिकी उघडून बघावी. बोनेटची दोरी आधीच ओढून ठेवून, मग लॉक करून, बोनेट उचलून बघावं. यातलं एकही गप्प राहिलं तर काम अपुरं आहे.

सेन्सरची सेटिंग : खरी मेख इथे

शॉक सेन्सरवर छोटा स्क्रू किंवा बटण असतं. त्याने संवेदना कमी-जास्त करता येते. दुकानदार तो दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर सेट करून देतो. आपली गाडी मात्र उभी राहते माडाखाली, फणसाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये. महामार्गाला लागून घर असेल तर मोठा ट्रक गेला की जमीन हादरते. ढगांचा गडगडाट, पत्र्यावरून पडणारी पावसाची धार, माकडांच्या उड्या, चतुर्थीतले फटाके, एवढ्या सगळ्याला गाडी ओरडू लागली तर शेजारी वैतागणारच.

म्हणून सेटिंग घरी, गाडी रोज जिथे उभी असते तिथेच करावी. सुरुवात सगळ्यात कमी संवेदनेपासून. लॉक करून थोडं थांबावं आणि टायरवर पायाने मध्यम जोराने मारावं. वाजला नाही तर स्क्रू अगदी थोडा फिरवून पुन्हा बघावं. टायरवर जोरात मारल्यावर वाजेल, पण टपावर हाताने थोपटल्यावर वाजणार नाही, इथे थांबावं. काही सेन्सर दोन टप्प्यांचे असतात. हलक्या धक्क्याला दोन-चार वेळा 'टीं टीं' करतात आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. आपल्याकडच्या वाड्यांना हे जास्त बरे.

नंतर आठवडाभर लक्ष ठेवावं. विनाकारण एकदा जरी वाजला तरी दुसऱ्या दिवशी सेटिंग कमी करावी. आणि गाडी माडाखालून हलवावी. नारळ पडून काच फुटली, तर ते काही अलार्मने थांबणार नाही.

शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावं की अलार्म लावला आहे, आवाज आला तर एक फोन करा. दोन-तीन घरांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर उत्तम. घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर ही सोय फार कामाची.

रोजच्या वापरातल्या चुका

रिमोट दाबला की मागे न बघता चालू लागायची सवय बहुतेकांना असते. सोनुर्लीच्या जत्रेला किंवा बांद्याच्या बाजारात गर्दीत गाडी लावल्यावर इंडिकेटर लुकलुकले का ते बघावं आणि एकदा दाराचं हँडल ओढून बघावं. जॅमर नावाच्या छोट्या यंत्राने रिमोटचा संकेत अडवता येतो. मालकाला वाटतं लॉक झालं, प्रत्यक्षात दार उघडंच राहतं.

बटण दाबून सुरू होणाऱ्या, चावी खिशातच राहणाऱ्या गाड्यांची काळजी वेगळी. घरातल्या चावीचा संकेत बाहेरून यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोहोचवण्याची चोरांची पद्धत जगभर वापरली जाते. अशी चावी दाराजवळच्या खुंटीवर किंवा खिडकीत ठेवू नये. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा कामाचा आहे की नाही हे तपासायला चावी डब्यात घालून, डबा घेऊन गाडीजवळ जावं आणि हँडल ओढावं. दार उघडलं तर दुसरा डबा बघावा.

दुकानात पटकन जाऊन येतो म्हणून गाडी चालू ठेवून उतरू नये. त्या वेळी अलार्म आणि इमोबिलायझर दोन्ही निकामी असतात. जुनी गाडी विकत घेतली असेल तर चाव्या नव्याने प्रोग्रॅम करून घ्याव्यात. आधीच्या मालकाने किती चाव्या केल्या होत्या हे कुणाला माहीत?

चाकरमान्यांची बंद गाडी

गणपतीला मुंबईहून आणलेली किंवा गावी कायम ठेवलेली गाडी महिनोन् महिने बंद असते. अलार्म जागा असताना थोडी थोडी वीज खात असतो. तो २० मिलिॲम्पिअर खातो असं धरलं, तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास आणि महिन्याला जवळपास १५ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी असते ३५ च्या आसपास. त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ आणि कॉम्प्युटर वेगळे. म्हणजे दीड-दोन महिन्यांत बॅटरी बसली तर नवल नाही. बॅटरी बसली की अलार्मही गप्प.

उपाय साधा आहे. गावातल्या विश्वासू माणसाने आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणावी. जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवून बॅटरी भरत नाही. ते जमत नसेल तर बॅटरीची वायर काढून ठेवावी, पण मग अलार्म बंद हे गृहीत धरून स्टिअरिंग लॉक लावावा.

अलार्म अडकला तर

रिमोटचा सेल संपला, की आपलीच गाडी आपल्याला आत घेत नाही. चावीने दार उघडलं तर सायरन सुरू. प्रत्येक अलार्मला एक गुपित बटण किंवा इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करण्याची रीत असते. ती बसवतानाच मेकॅनिककडून शिकून घ्यावी आणि घरातल्या दोघांना दाखवावी. ती लिहून गाडीत ठेवू नये. जादा सेल पाकिटात असू द्यावा. गाडी सर्व्हिसिंगला देताना त्याच बटणाने अलार्म तात्पुरता झोपवता येतो. परत घेताना तो जागा करायला विसरू नये.

जीपीएस ट्रॅकर लावणाऱ्यांनी सिमचं रिचार्ज चालू आहे ना ते बघावं. घाटात नेटवर्क गेलं की ट्रॅकर काही वेळ काहीच दाखवत नाही. काही ट्रॅकर मोबाईलवरून इंजिन बंद करू शकतात. चालत्या गाडीवर हे कधीही करू नये. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो आणि समोरून येणाऱ्या निष्पाप माणसाचा जीव जाऊ शकतो. ते काम पोलिसांना सांगून, गाडी थांबलेली असतानाच.

गाडी गेलीच तर

चोर समोर दिसला तरी एकट्याने अंगावर जाऊ नये. आरडाओरडा करावा, ११२ ला फोन लावावा. इन्सुलीसाठी बांदा पोलीस ठाणं आहे. गाडी म्हापशात किंवा पणजीत चोरीला गेली तरी तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी नोंद घेण्याची तरतूद आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज आला तर तो लगेच पोलिसांना दाखवावा, गाडी कुठल्या टोलवरून गेली ते कळतं.

त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावं. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग यांच्या चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात सांगितलं, की पोलिसांकडे लगेच तक्रार केली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही. तरी उशीर करून कोर्टाची पायरी चढायची वेळ कशाला आणावी?

दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी हरवली असेल तर प्रश्न सुरू होतात. म्हणून ती आजच शोधून कपाटात ठेवावी.

सगळ्यात मोठी फसगत विम्याच्या मुदतीत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. कागदावर तीन वर्षं दिसतात म्हणून मालक निर्धास्त. पण थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. चोरी येते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तो पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भरला नसेल आणि गाडी गेली, तर हातात एक रुपयाही येत नाही. बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो.

मिळणारी रक्कमही नव्या गाडीची नसते. कंपनीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. सहा लाखांची गाडी साडेतीन वर्षांनी चोरीला गेली तर हिशोब ३ लाख ६० हजारांच्या आसपास बसतो. कर्ज असेल तर आधी बँकेचं देणं.

आज संध्याकाळी करायच्या पाच गोष्टी

- विम्याचा कागद काढून स्वतःच्या नुकसानीच्या भागाची शेवटची तारीख बघणे.
- दुसरी चावी शोधून ठेवणे.
- अलार्म असेल तर काच खाली करून दाराची परीक्षा घेणे. नसेल तर इमोबिलायझर आहे का ते विचारणे.
- गाडी माडाखालून हलवून उजेडात, घरातून दिसेल अशी लावणे.
- शेजारच्या दोन घरांना सांगणे : "आमच्या गाडयेचो आवाज इलो तर फोन करा हां."

यातल्या शेवटच्या कामाला एक पैसाही लागत नाही. पण मध्यरात्री सायरन वाजेल तेव्हा कुणी उठणार की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.